चालत जाण्यासारखं सेंटर का सोडलं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नणंद विचारते, गल्लीतल्या बायका विचारतात, परवा तर शेजारच्या खाटेवरच्या पेशंटनंही विचारलं, "काकू, घराजवळचं डायलिसिस सोडून अख्खं इंदूर ओलांडून विजयनगरला कशाला येता? मशीन तर सारखंच."

मशीन सारखंच आहे, कबूल. चार तास दोन्हीकडे लागतात. आणि जुन्या सेंटरमधल्या भैयाचा हात इतका हलका की सुई कधी गेली ते कळायचं नाही; इथे मी अजून दचकते. माया हवी असेल तर खुशाल तिकडे जा.

पण तिकडे दर महिन्याला तपासायचे ते फक्त कॅल्शियम आणि फॉस्फरस. फॉस्फरस वाढला की जेवणातला फॉस्फरस बांधून ठेवणारी कॅल्शियमची गोळी वाढवायची, खाज सुटते म्हटलं की खोबरेल लावायचं. पीटीएच, म्हणजे हाडांतलं कॅल्शियम रक्तात ओढणारं संप्रेरक, ते पॅकेजमध्ये नव्हतं, त्यामुळे कुणी ते लिहूनच दिलं नाही.

गौरी यायच्या आदल्या दिवशी मनगट ओट्यावर आपटलं. सूज बघून मुलगा हाडाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांनी फिल्म उजेडावर धरली. हाड शाबूत होतं. अंगठ्याच्या बाजूनं वर जाणाऱ्या दोन बारीक पांढऱ्या रेघा मात्र दिसत होत्या, अगदी समांतर. मी विचारलं, तडा आहे का? "ये नस है, माताजी. एक्स-रे में दिखनी नहीं चाहिए." नसेच्या भिंतीत कॅल्शियम साचलं म्हणून दिसत होती. मग त्यांनी मुलाला विचारलं, "पीटीएच कितना है?" मुलानं एवढी जाड फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली, मग पुन्हा उलटी चाळली. तो कागद तिच्यात नव्हताच. रिपोर्ट काढला तो अकराशेच्या वर. जुन्या सेंटरमध्ये दाखवला तर म्हणाले, "कॅल्शियम नॉर्मल आहे ना, मग कशाला काळजी करता?"

नव्या ठिकाणी कॅल्शियमची गोळी बंद होऊन सेव्हेलामर आली, म्हणजे फॉस्फरस बांधणारीच पण कॅल्शियम नसलेली गोळी. जुन्या चिठ्ठीवर नुसतं 'दिवसातून तीनदा' असायचं, इथे लिहिलं 'जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर'. मशीनच्या द्रावणात कॅल्शियम किती ठेवायचं, तेही पाहिलं. तूरडाळ थोडी परत मिळाली, कारण डाळीतला फॉस्फरस अंगी कमी लागतो. पाकिटबंद पदार्थांत वरून घातलेला जवळजवळ सगळा लागतो.

आता माझंच जुनं मन भांडतं. केडिगो या किडनीतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या 2017 च्या मार्गदर्शनात डायलिसिसवरच्या माणसाचं पीटीएच नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या 2 ते 9 पट चालतं. म्हणजे मर्यादा 65 धरली तर 130 ते साधारण 600! एवढ्या मोठ्या अंगणात दोन डॉक्टर दोन टोकांना उभे राहिले तर चूक कुणाची म्हणायची? शिवाय पीटीएच उतरवायला दिलेली, मला मळमळवणारी ती सिनाकॅल्सेटची गोळी! 2012 च्या 'इव्हॉल्व्ह' चाचणीत तिनं मृत्यू आणि हृदयविकार ठोसपणे कमी झाल्याचं सिद्ध झालं नाही. मग एवढा खटाटोप आयुष्य वाढवतोच, असं मी कुठल्या तोंडानं सांगू? मनगटातल्या रेघाही तशाच आहेत.

तरी अंगणाला कुंपण आहे, आणि माझा आकडा त्याच्या पार बाहेर होता. तीन ते सहा महिन्यांनी पीटीएच बघा, हे त्याच कागदात लिहिलंय. बघितलंच नाही, त्याला मतभेद म्हणायचं का?

पुढची तपासणी दिवाळीनंतर, त्याच लॅबमध्ये. दुसऱ्या लॅबचा आकडा ह्याच्याशी ताडून बघता येत नाही. आणि वन्संना कळवा, रिक्षाचं भाडं माझ्या पेन्शनीतून जातं.