कॅडिलॅक हिल, दुसऱ्यांदा

लून लेकच्या बांधाशी पोहोचलो तेव्हा ऊन नुकतं समोरच्या ग्रॅनाइटवर चढत होतं. टायरमधली हवा १५ पीएसआयवर उतरवली, पान्यांची पेटी पट्ट्याने आवळली आणि गाडीखाली डोकावलो. मागच्या एक्सलचं, म्हणजे मागची चाकं फिरवणाऱ्या आसाचं, काळं हाउसिंग (बाहेरचं कवच) आणि त्यावर मी हिवाळाभर घातलेली वेल्डिंग दिसली. दोन वर्षांपूर्वी इथूनच निघालो होतो तेव्हा त्या जागी दुसराच एक्सल होता, आणि त्याने मला रुबिकॉन ट्रेलवरच्या कॅडिलॅक हिल या चढावर दगडांत बसवलं होतं.

रुबिकॉन ट्रेल म्हणजे कॅलिफोर्नियात, सिएरा नेवाडा ओलांडून लेक टाहोकडे उतरणारी सुमारे ३५ किलोमीटरची वाट. कागदोपत्री तो काउंटीचा रस्ता आहे, पण प्रत्यक्षात मैलोन्‌मैल नुसते धोंडे. १९५३ पासून इथे जीप जांबोरी (जीपवाल्यांची सामूहिक सफर) भरते. २००३ साली जीप रँग्लरचं जे मॉडेल या वाटेचं नाव घेऊन आलं, त्याला पुढेमागे डाना ४४ हे दणकट एक्सल आणि दोन्हीकडे लॉकर (एक्सलची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारी यंत्रणा) कारखान्यातूनच होते. ही वाट गाडीकडून काय मागते, ते तेवढ्यावरून कळावं.

माझ्या गाडीचा मूळचा मागचा एक्सल हलका होता. क्राउन (आतलं मोठं दातेरी चक्र) साडेसात इंचांचा, शाफ्टला (चाक फिरवणाऱ्या दांड्याला) २७ स्प्लाइन (टोकावरच्या खाचा). लहान टायरवर तो वर्षानुवर्षं बिनतक्रार चालला. मग मी ३३ इंची टायर चढवले आणि वर लॉकरही बसवला. साध्या डिफरन्शियलमध्ये (दोन चाकांत जोर वाटणाऱ्या गिअरांत) एक चाक हवेत गेलं की ते नुसतं फिरतं आणि दुसऱ्या शाफ्टवर फारसा ताण येतच नाही. लॉकर असला की मागे येणारा सगळा जोर जमिनीवरच्या एकट्या चाकाकडे, म्हणजे एकाच शाफ्टवर जातो. त्यात लो रेंज, म्हणजे वेग कमी करून जोर वाढवणारे गिअर. इंजिन किती ताकदीचं आहे हा प्रश्न तिथे गौण ठरतो, कारण गिअरांनी वाढवलेला पीळ शेवटी त्या अंगठ्याएवढ्या जाडीच्या लोखंडाला सोसायचा असतो.

त्या दिवशी चढावर उजवं मागचं चाक एका पायरीसारख्या दगडाला टेकलं, घसरलं, उडालं आणि उडता उडता एकदम धरलं. बंदुकीसारखा आवाज झाला. खाली उतरून पाहतो तर चाक ड्रमसकट वीतभर बाहेर आलेलं. अशा एक्सलमध्ये शाफ्ट आत धरून ठेवायला टोकाशी फक्त एक सी-क्लिप, म्हणजे सी आकाराची छोटी कडी, असते. शाफ्ट तुटला की त्याच्यासोबत चाकही बाहेर निघू लागतं. तुटल्यापेक्षा मला याची भीती जास्त वाटली. शेजारी दरी होती.

माझ्या पेटीत जादा शाफ्ट होता म्हणून निभावलं. मागचं झाकण उघडलं, तेल खाली थेंबभरही पडू नये म्हणून शोषणाऱ्या चटया अंथरल्या (या वाटेवर त्या नसतील तर निघूच नये, खालचं पाणी फार निर्मळ आहे), मधली पिन काढली आणि आत अडकलेला तुकडा चुंबकाने ओढून काढला. मावसभाऊ विजेरी धरून पाच तास उभा होता. म्हणाला, "दादा, शाफ्ट बदलत बसू नकोस. अख्खा एक्सलच बदल."

त्याचं ऐकलं. फोर्ड एक्सप्लोररचा ८.८ इंची एक्सल आणला. १९९५ नंतरचा घेतला, कारण त्याला डिस्क ब्रेक असतात. क्राउन मोठा, शाफ्टला ३१ स्प्लाइन, चाकाचे पाच बोल्ट माझ्या गाडीसारखेच साडेचार इंचांच्या वर्तुळावर, रुंदीही जवळपास तेवढीच. शाफ्टच्या जाडीतला फरक हातात धरून पाहिला तर किरकोळ वाटतो. पण पिळाची ताकद जाडीच्या घनाने वाढते. १० टक्के जाड शाफ्ट सुमारे ३३ टक्के जास्त पीळ सोसतो.

सी-क्लिप यातही आहेच. हे लपवून उपयोग नाही. मी ती जोखीम जाणून घेतली, कारण जाड शाफ्ट मुळात तुटायलाच बराच जास्त जोर लागतो.

काम मात्र नुसतं काढ-घाल नव्हतं. नळ्या मधल्या ओतीव भागात दाबून बसवलेल्या असतात, त्या फिरू नयेत म्हणून ओतीव भाग आधी तापवून सांध्यांवर वेल्डिंग केलं आणि सावकाश थंड होऊ दिलं. स्प्रिंगच्या बैठका आणि दांड्यांचे ब्रॅकेट नव्याने लावले. पिनियनचं (क्राउनला फिरवणाऱ्या छोट्या गिअरचं) तोंड प्रोपेलर शाफ्टच्या (इंजिनाचा जोर मागे आणणाऱ्या दांड्याच्या) रेषेत आणायला तीन संध्याकाळी गेल्या; तो कोन चुकला की वेगात गाडी थरथरते आणि शाफ्टचे क्रॉस (सांधे) झिजतात. क्राउन-पिनियन नवे घातले, कारण पुढच्या एक्सलचा गिअर रेशो ४.१० होता आणि मागे तोच हवा. दोन्हीकडचा रेशो वेगळा ठेवून फोर-व्हीलमध्ये टाकलं तर पुढचा-मागचा एक्सल एकमेकांशी भांडतात. दातांना पिवळा रंग लावून ठसा बघायचा, शिम (फटीतली पातळ चकती) बदलायची, पुन्हा ठसा बघायचा. अकराव्या खेपेला ठसा दाताच्या मध्यावर आला तेव्हा मी बराच वेळ नुसता बघत राहिलो. मग पहिले ५०० मैल जपून चालवली आणि तेल बदललं.

पहिला दिवस शांतपणे गेला. स्पायडर लेक, बक आयलंड लेक, मग बिग स्लूसचा लांबलचक उतार. दोन वेळा हाउसिंग दगडावर आपटलं. ८.८ चा मधला गोळा मोठा, त्यामुळे तो जुन्यापेक्षा थोडा खाली लोंबतो. चाकं कुठे टाकायची याचा अंदाज मला नव्याने घ्यावा लागला. मुक्काम रुबिकॉन स्प्रिंग्जला केला. रात्री नदीचा आवाज ऐकत पडलो, पण डोळ्यांपुढे तो पायरीचा दगडच होता.

सकाळी कॅडिलॅक हिल. दगड तिथेच होता, मी लगेच ओळखला. मावसभाऊ पुढे चढून उभा राहिला आणि हाताने वाट दाखवू लागला. पहिला गिअर, लो रेंज, लॉकर चालू. उजवं चाक टेकलं, घसरलं. या वेळी मी पाय उचलला, टायर थांबू दिला, मग परत हलकेच दाबलं. रबर दगडावर करकरलं, गाडी मागून उचलली गेली आणि सावकाश वर आली. आवाज फक्त इंजिनाचा.

ऑब्झर्व्हेशन पॉइंटला थांबलो. खाली रुबिकॉनची दरी, पलीकडे करडे कडे. मी आधी गाडीखाली शिरलो. हाउसिंगवर हात ठेवला, नुसतं कोमट होतं. वेल्डिंगला भेग नव्हती, पिनियनच्या सीलपाशी सगळं कोरडं होतं.

"काय दादा?" वरून आवाज आला.

"कोरडं आहे," मी म्हणालो, आणि हात पुसत बाहेर आलो.