गोटी सोड्याच्या माहेरी

इंग्लंडमधल्या लीड्स स्टेशनाबाहेर आलं की लगेच सिटी स्क्वेअर लागतो. चौकात घोड्यावर बसलेल्या राजपुत्राचा पुतळा सगळ्यांच्या नजरेत भरतो. मला मात्र जोसेफ प्रीस्टली या जुन्या शास्त्रज्ञाला भेटायचं होतं. त्याच्या पुतळ्यापाशी मी बराच वेळ उभी राहिले. माझ्या मामाचं चिपळूणला गोटी सोड्याचं दुकान होतं, आणि त्या सोड्याची गोष्ट या गावातून सुरू होते.

प्रीस्टली १७६७ साली इथल्या मिल हिल चॅपेलमध्ये धर्मोपदेशक म्हणून आला. चौकालगतचं आजचं चॅपेल त्याच्यानंतर बांधलेलं आहे. तो राहायचा मेडो लेनला, बिअरच्या भट्टीशेजारी. एअर नदीवरचा पूल ओलांडून मी त्या रस्त्याला गेले. भट्टीचा आता मागमूस नाही, गाड्यांची वर्दळ तेवढी आहे. आंबणाऱ्या बिअरच्या पिंपांवर एका जड वायूचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा, थर साचतो आणि त्यात धरलेली मेणबत्ती विझते, हे त्याने शेजारीच पाहिलं. मग त्या थरात दोन पेले धरून तो पाणी या पेल्यातून त्या पेल्यात ओतत राहिला. वायू पाण्यात मुरला, पाणी जिभेला चुरचुरू लागलं. १७७२ मध्ये त्याने ही कृती छापून सगळ्यांसाठी खुली केली. तिच्यातून पैसा केला तो पुढे जिनिव्हाच्या श्वेप नावाच्या गृहस्थाने. प्रीस्टलीबद्दल मला माया वाटते ती यामुळेच.

दुसऱ्या दिवशी बार्न्सलीची गाडी पकडली. फार लांब नाही, पाऊण तासाच्या आतबाहेर. हायरम कॉड या इंग्रज गृहस्थाने १८७२ मध्ये गोटीच्या बाटलीचं पेटंट घेतलं आणि पुढे बार्न्सलीच्या रायलन्ड्स या काचकारखानदाराशी भागीदारी केली. म्हणजे ज्या पाण्याचा जन्म लीड्सचा, त्याची बाटली इथे शेजारच्या गावात वाढली! एका जुन्या वस्तूंच्या दुकानात ती दिसली. हिरवट जाड काच, चिमटलेला गळा. हातात घेतली आणि मामाचं दुकान समोर उभं राहिलं.

मामा पाण्याच्या टाकीत सकाळीच बर्फ टाकायचा. तेव्हा मला वाटायचं, गारव्यासाठी. पण खरं कारण वायूचं. शून्य अंशाला एक लिटर पाण्यात साधारण १.७ लिटर कार्बन डायऑक्साइड मुरतो, पंचविसाला जेमतेम पाऊण लिटर. बाटलीत आधी लिंबाचा पाक, मग यंत्राच्या पिंजऱ्यात बाटली अडकवून दाबाखाली गॅसचं पाणी. भरता भरता हँडल फिरवून बाटली उलटी केली की गोटी घरंगळत गळ्यातल्या रबरी रिंगेवर येते. बाटली सुलटी केली तरी ती खाली पडत नाही, आतला गॅसच तिला वर दाबून धरतो. ना बूच, ना पत्र्याचं झाकण. बाटली फुटण्याची भीती असायची, म्हणून मामा हाताला जाड फडकं गुंडाळायचा आणि आम्हा पोरांना उंबऱ्याच्या आत येऊ द्यायचा नाही. पिताना गळ्यातल्या दोन खळग्यांची बाजू खाली ठेवायची, म्हणजे गोटी तिथे अडकते आणि सोडा वाहता राहतो. गोटीसाठी बाटल्या फोडणारी पोरं इथेही होती म्हणे. दुकानदारीण बाईंनी हे सांगितलं तेव्हा मला फार आपलेपणा वाटला.

एकदा मी उरलेला लिंबू सोडा मामीच्या मोगऱ्याला घातला होता, तोही रोज, आठवडाभर. "अगं, गोड पाणी घालू नये झाडाला, मुंग्या होतात," मामी म्हणाली. मुंग्या झाल्याच, मातीवर पांढरी बुरशी धरली आणि मोगरा माना टाकून बसला. साखरेचं पाणी मातीत दाट झालं की मुळांना पाणी ओढता येत नाही. ओल असून झाड तहानलेलं राहतं. अजून त्या मोगऱ्याचं वाईट वाटतं. साध्या सोड्याने असं होत नाही, पण फायदाही फारसा नाही. ज्या वायूवर झाड जगतं तो ते मुख्यतः पानांतून घेतं. मातीत ओतलेला बराचसा उडून जातो. पाण्यात बुडून वाढणाऱ्या वनस्पतींची गोष्ट वेगळी. म्हणून हौशी लोक माशांच्या काचपेटीत गॅसचे बुडबुडे सोडतात.

आणि झाड नि हवेचं हे कोडंही प्रीस्टलीनेच हाती घेतलं होतं, लीड्सलाच असताना. १७ ऑगस्ट १७७१ ला त्याने मेणबत्ती विझलेल्या बंद हवेत पुदिन्याची डहाळी ठेवली. २७ तारखेला त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा जळली.

संध्याकाळी लीड्सला परतताना बाजारातून पुदिन्याची छोटी कुंडी घेतली. खोलीत सोड्याची अर्धी बाटली उरली होती. ती मी पिऊन टाकली, आणि कुंडीला नळाचं पाणी घालून तिला खिडकीशी ठेवलं.