अण्णांची वेटरश्टाइन प्रदक्षिणा

अण्णा जूनमध्ये मिरजेहून म्युनिकला आले, तेव्हा त्यांना त्सुगश्पिट्झेवर न्यायचं हे मी आधीच ठरवून टाकलं होतं. २,९६२ मीटर, जर्मनीतलं सर्वांत उंच शिखर. वरपर्यंत केबल कार जाते, दात्यांच्या रुळांवरून चढणारी रेल्वेही शिखराखालच्या पठारापर्यंत जाते. इकडे राहणाऱ्या बहुतेक मराठी मुलांचे आईवडील तिथे जाऊन फोटो काढून येतात. अण्णांनी मात्र माझ्याकडचा नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला, चष्मा कपाळावर सारला, बराच वेळ बोट फिरवलं आणि म्हणाले, "ह्या डोंगराला वळसा घालून येता येतं का गं? सायकलनं?"

अण्णांनी मिरज ते म्हैसाळ रोज सायकल मारून शाळेत शिकवलं, तीस वर्षं. श्रावणात दंडोबाला जायचं तेही सायकलवरूनच. आता वय अडुसष्ट, उजवा गुडघा झिजलेला. डॉक्टरांनी जिना कमी करा म्हणून सांगितलंय, सायकल मात्र चालवा म्हणाले. घरामागच्या रस्त्यावर ते अजून चालवतात, पण डोंगर? त्या रात्री मी इ-बाईक भाड्याने मिळते का ते शोधायला बसले.

त्सुगश्पिट्झे ज्या डोंगररांगेत आहे तिचं नाव वेटरश्टाइन. उत्तरेला बव्हेरिया, दक्षिणेला ऑस्ट्रियाचं टिरोल, आणि सीमा शिखरांवरून गेलेली. या रांगेभोवती खोऱ्याखोऱ्यांतून पूर्ण फेरी मारता येते, साधारण ७५ किलोमीटर. सायकलवाले दोन्ही दिशांनी जातात. मी डावीकडून जायचा मार्ग आखला होता. अण्णांनी तो पाहिला आणि सरळ उलटा करायला सांगितला. "प्रदक्षिणेत देव उजव्या हाताला ठेवतात."

मी मार्ग उलटा केला आणि तो प्रत्यक्षात जास्त चांगला निघाला. या बाजूने मोठा चढ सावकाश, लांबलचक खोऱ्यातून येतो आणि शेवटचे पंचवीसेक किलोमीटर नदीच्या कडेने उतार मिळतो. शिवाय वाटेतल्या मिटनवाल्ड आणि एअरवाल्ड या दोन्ही गावांत रेल्वे स्टेशन आहे. गुडघ्याने ऐकलं नाही तर अण्णांना गाडीत बसवून परत आणता आलं असतं.

शनिवारी पहाटेच्या गाडीने आम्ही डोंगराच्या उत्तर पायथ्याच्या गार्मिश-पार्टेनकिर्शेनला पोहोचलो आणि दुकान उघडताच सायकली ताब्यात घेतल्या. भारतातल्या मंडळींचा इ-बाईक म्हणजे पायडल न मारता पळणारी स्कूटी असा समज असतो, म्हणून थोडं सांगते. युरोपातल्या नियमाप्रमाणे साध्या इ-बाईकची मोटर २५० वॅटची असते, पायडल मारलं तरच ती मदत करते आणि ताशी २५ किलोमीटरचा वेग आला की मदत थांबते. म्हणून तिला लायसन्स लागत नाही, कायद्याने ती सायकलच. वजन मात्र पंचवीस किलोच्या घरात. हँडलवरच्या बटणाने मदत कमी-जास्त करता येते: इको सर्वांत कमी, टूर मधली, टर्बो सर्वांत जास्त.

दुकानासमोरच्या गल्लीत अण्णांनी दोन चकरा मारल्या. पहिल्या पायडललाच सायकल पुढे सरकली तेव्हा ते दचकले. दुसऱ्या चकरीनंतर उतरून म्हणाले, "मागनं कुणीतरी कॅरिअर धरून ढकलतंय असं वाटतं." मिरजेत तासावर भाड्याने आणलेल्या लहान सायकलचं कॅरिअर धरून ते माझ्यामागे पळायचे, ते मला आठवलं. त्यांनाही आठवलं असावं, कारण ते माझ्याकडे न बघता हेल्मेटचा पट्टा लावत बसले.

गार्मिशमधून क्लाइसच्या दिशेने चढायला लागलं की उजव्या हाताला आल्पश्पिट्झे शिखराचा त्रिकोण दिसतो, अगदी पट्टीने आखल्यासारखा. क्लाइस ते मिटनवाल्डदरम्यानची कुरणं पाहायला तरी या वाटेने जाच. जमीन सपाट नाही, सगळीकडे कमरेएवढे गोल उंचवटे, जसं कुणी हिरव्या गोधडीखाली शेकडो नारळ मांडून ठेवलेत. हिमयुगानंतर तयार झालेली ही जमीन. यंत्र नीट चालत नाही म्हणून कितीतरी ठिकाणी गवत अजून हाताने कापतात. एक आजोबा लांब दांड्याच्या मोठ्या विळ्याने, उभ्यानेच, अर्धगोलात गवत कापत होते. अण्णा थांबले. त्या माणसाने पातं उलटं धरून सहाणेच्या लांबट दगडाने दोन्ही बाजूंनी धार लावली, दगड कमरेला अडकवलेल्या पाण्याच्या शिंगात परत ठेवला आणि पुन्हा कापायला लागला. अण्णा पाच मिनिटं नुसते पाहत उभे होते.

मिटनवाल्डला पोहोचल्यावर माझं लक्ष अण्णांच्या डिस्प्लेकडे गेलं. बॅटरी ४१ टक्के. माझी ७८. दुकानात "दोन्ही फुल्ल आहेत" असं सांगितलं होतं आणि मी न तपासता विश्वास ठेवला. इ-बाईक भाड्याने घेणाऱ्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं आहे: दुकानातून बाहेर पडायच्या आधी आकडा स्वतः बघा. दोन्ही सायकली एकाच मॉडेलच्या होत्या म्हणून निभावलं. किल्ली फिरवली, फ्रेममधून बॅटऱ्या काढल्या, अदलाबदल केली, कट् असा आवाज आला आणि भरलेली बॅटरी अण्णांच्या सायकलला लागली. ते नको नको म्हणत होते. मी ऐकलं नाही.

हे सगळं झालं चर्चसमोरच्या चौकात, एका ब्राँझच्या पुतळ्याशेजारी. पुतळा मॅथिआस क्लोट्झचा, व्हायोलिन घडवणाऱ्या कारागिराचा. मिटनवाल्ड हे व्हायोलिनचं गाव. ऑग्सबर्गहून व्हेनिसला जाणाऱ्या व्यापारी वाटेवर असल्याने इथे १४८७ पासून जवळजवळ दोनशे वर्षं मोठा बाजार भरायचा. १६७९ मध्ये तो बाजार जिथून आला होता त्या बोल्झानोला (आता इटलीत) परत गेला आणि गावाची रया गेली. क्लोट्झ इटलीत, पादुआमध्ये, वाद्यं घडवायला शिकला होता. त्याने परत येऊन इथे धंदा सुरू केला, मुलांना शिकवला, आणि गाव त्या लाकडावर पुन्हा उभं राहिलं. व्हायोलिनला लागणारं स्प्रूस झाडाचं लाकूड इथल्याच डोंगरातलं. १८५८ पासून व्हायोलिन घडवायला शिकवणारी शाळाही आहे.

मिरजेच्या माणसाला हे सांगताना मला वेगळं काही सांगावं लागलं नाही. अण्णांचे एक जिवलग मित्र सतारमेकर. मिरजेतल्या त्या गल्लीत भोपळे टांगलेले, दारात तूनचं लाकूड रचलेलं, आत कुणीतरी तंबोऱ्याची जवारी काढत बसलेलं, हे मी लहानपणापासून पाहिलंय. तिथेही सुरुवात हत्यारं बनवणाऱ्या शिकलगार घराण्याने एकोणिसाव्या शतकात केली, तलवारीची मागणी संपत आली तेव्हा. एका दुकानाच्या काचेमागे अर्धवट कोरलेली व्हायोलिनची पाठ ठेवली होती. पांढरट लाकूड, रंधा फिरल्याच्या बारीक रेषा. अण्णांनी काचेला नाक लावलं. "ह्यांना भोपळा पोसावा लागत नाही," ते म्हणाले, "पण लाकूड वाळायला वाट बघावी लागत असणारच. घाई करणाऱ्याचं हे कामच नव्हे." त्यांनी मित्रासाठी फोटो काढला आणि तिथूनच पाठवला.

मिटनवाल्डहून वर चढलं की सीमा येते. एक निळी पाटी, तिच्यावर तारे, बस्स. लॉयटाशचं लांब खोरं ऑस्ट्रियात आहे. शेतं, फुलांच्या कुंड्या लावलेल्या गॅलऱ्या, आणि उजव्या हाताला वेटरश्टाइनची दक्षिण बाजू. इथे कळायला लागतं की वळसा घालायचा म्हणजे काय. गार्मिशहून हा डोंगर भिंतीसारखा, दातेरी, सावलीत उभा असतो. इकडून तोच उन्हात पसरलेला, खालच्या अंगाला गवत, मग झुडपं, मग पांढरा दगड. नाव एक आणि चेहरा पूर्ण निराळा. शिखरावर गेले असते तर हे मला कधीच दिसलं नसतं, कारण तिथून सगळं दिसतं, फक्त तो डोंगर सोडून.

लॉयटाशनंतर गाइसटाल सुरू होतं आणि खरा चढ लागतो. खडीचा रस्ता, शेजारी हिरवट पाण्याचा ओढा, उजवीकडे वेटरश्टाइन, डावीकडे मीमिंगची रांग. मी इकोवर होते, बॅटरी जपायची म्हणून. अण्णा टूरवर. पहिल्या अर्ध्या तासात माझा टीशर्ट घामाने भिजला आणि अण्णा प्रत्येक वळणावर थांबून माझी वाट बघू लागले. मला दम लागलेला, ते शांतपणे सायकलला टेकून उभे, हातात भडंगाची पुडी. सांगलीहून आणलेलं भडंग, जरा मऊ पडलेलं. "खा चार दाणे," म्हणायचे आणि परत पुढे.

साध्या सायकलवर दमछाक करत चढणारे काहीजण इ-बाईकवाल्यांकडे जरा वेगळ्या नजरेने बघतात. ही लबाडी आहे असं मला इथल्या ऑफिसातही ऐकायला मिळालंय. मला ते पटत नाही. त्या दिवशी अण्णांनी पायडल मारणं एक मिनिटही सोडलं नाही. मोटरने फक्त एवढंच केलं की अडुसष्ट वर्षांचा गुडघा आणि अडतीस वर्षांची फुप्फुसं एकाच रस्त्यावर, एकाच दिवशी, एकमेकांशी बोलत जाऊ शकली. मला त्यात फसवणूक दिसत नाही. धोका दिसतो, पण तो वेगळीकडे आहे, तो पुढे सांगते.

वाटेत एका आल्मवर थांबलो. आल्म म्हणजे उन्हाळ्यात गुरं चरायला आणतात ते उंचावरचं कुरण आणि तिथलं गोठ्यासकट घर. अण्णा अंडं खात नाहीत, त्यामुळे तिथलं निम्मं मेनूकार्ड बाद. मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती. पाटीवर 'बटरमिल्श' दिसलं. मोठा ग्लासभर थंडगार ताक आलं, वर लोण्याचे बारीक कण. अण्णांनी एक घोट घेतला, डोळे मिटले, मग मालकिणीकडे खुणेने मीठ मागितलं. तिने आणून दिलं आणि ते ढवळून पिताना बघत उभी राहिली. दुसरा ग्लास तिने पैसे न घेता दिला.

पुढे रस्त्यातच गाई बसलेल्या होत्या, गळ्यात वाटीएवढ्या घंटा. इथे सायकलवरून उतरून चालत जायचं, गाय आणि वासरू यांच्या मधून कधी जायचं नाही, आणि फाटक उघडलं तर लावून घ्यायचं. अण्णांना यातलं काही सांगावं लागलं नाही.

आमच्या फेरीतली सर्वांत उंच जागा सोळाशे मीटरच्या आसपास आहे, कळसूबाईच्या माथ्यापेक्षा किंचित कमीच. तिथे पाणी वाटलं जातं. पूर्वेकडे पडलेलं पाणी लॉयटाशच्या ओढ्याने मिटनवाल्डला ईझार नदीत जातं. पश्चिमेकडचं एअरवाल्डला उतरून लोयझाख नदीला मिळतं आणि गार्मिशवरून जातं. अण्णा एक पांढरा दगड हातात घेऊन बसले होते. हा चुनखडीचा दगड चोवीस कोटी वर्षांपूर्वी उथळ, उबदार समुद्रात साचला. सह्याद्रीचा काळा दगड लाव्ह्याचा आणि त्याहून खूप तरुण. त्यांनी तो दगड खिशात घातला.

मग उतार. एअरवाल्डपर्यंत पाचशे-सहाशे मीटर खाली, तेही थोड्या अंतरात. धोका म्हणाले तो इथे आहे. मोटर तुम्हाला अशा उंचीवर नेऊन ठेवते जिथे तुमचे पाय तुम्हाला नेऊ शकले नसते, आणि उतरताना ती काहीच मदत करत नाही. उलट तिचंच वजन मागून रेटतं. ब्रेक सतत दाबून धरले की डिस्क तापतात, म्हणून दाबायचे, सोडायचे, पुन्हा दाबायचे. अण्णांचे हात भरून आले. आम्ही तीनदा थांबलो, आणि एका तीव्र वळणावर त्यांनी स्वतःच उतरून सायकल हाताने नेली. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

एअरवाल्डच्या सपाट कुरणात आल्यावर त्यांनी मागे वळून पाहिलं. गाव हजार मीटरवर, आणि त्याच्या डोक्यावर त्सुगश्पिट्झेची पश्चिम भिंत सरळ दोन हजार मीटर उभी. सकाळपासून आम्ही तिच्याभोवती फिरत होतो. अण्णांनी हेल्मेट काढलं आणि हात जोडले.

तिथून गार्मिशपर्यंत लोयझाखच्या कडेने उतरत आलो. माझी बॅटरी दुकानाच्या दारात ६ टक्क्यांवर होती. दुकानदाराला सकाळच्या बॅटरीचं सांगितलं. त्याने माफी मागून एका सायकलचं निम्मं भाडं परत केलं.

गाडीत अण्णांनी पुन्हा नकाशा काढला. एक बोट ईझारवर, दुसरं लोयझाखवर, दोन्ही बोटं खाली सरकवत नेली आणि वोल्फराट्सहाउझन या गावावर एकत्र आणली. "म्हणजे डोंगराच्या दोन्ही बाजूंचं पाणी इथे भेटतं आणि मग तुझ्या घराजवळनं जातं," ते म्हणाले. सांगलीजवळ हरिपूरला कृष्णा-वारणेचा संगम आहे, तिथे आमचं लहानपणी दर सुट्टीत जाणं व्हायचं.

"इथवर तुमची ती लोकल जाते का गं?"

"जाते. एस-सात, शेवटचं स्टेशन. रविवारी सायकलही नेता येते."

"मग उद्या नको, पुढच्या रविवारी," अण्णा गुडघा चोळत म्हणाले. "आणि तिथं सपाट आहे म्हणतेस, तर साधीच सायकल घे."