इकू का ठेवू?

आमचं वर्कशॉप भुसावळला १९९१ साली एका गाळ्यात सुरू झालं. वडील रेल्वेच्या लोको शेडमधले बॉयलरवाले. वाफेची इंजिनं संपत आली, वडीलही निवृत्त झाले आणि फंडाच्या पैशातून एक वेल्डिंग मशीन, गॅसचा सेट आणि ग्राइंडर आला. पाटीवर 'सर्व प्रकारची फॅब्रिकेशनची कामे' असं होतं, पण पोट भरलं ते केळीवाल्यांनी. रावेर-यावल पट्ट्यात विहिरीवरच्या पंपाची बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, बॉडी फुटली की शेतकरी ती पोत्यात घालून आमच्याकडे आणायचे. लोखंड जोडणारे गल्लोगल्ली होते, बीड जोडणारे थोडे. रात्री अकरालासुद्धा शटर वाजायचं, कारण मे महिन्यात केळीचं पाणी दोन दिवस चुकलं तरी भागत नाही.

शेगड्यांचं काम आम्ही ठरवून घेतलेलं नाही. १९९६ मध्ये एका जुन्या बंगल्याचं पाडकाम करणारा ठेकेदार हातगाडीवर बिडाची शेगडी घेऊन आला. दगडी कोळशाची, चार वाकड्या पायांची, वर दोन गोल झाकणं, बाजूला भाजायचा कप्पा. वरच्या पाट्याला वीतभर तडा. वडील गावाला गेलेले, मी चोविशीतला. साधा लोखंडी रॉड लावून तडा भरला, ग्राइंडरनं गुळगुळीत केला, वरून काळा ऑइल पेंट मारला. वस्तू अशी चमकली की मीच दोनदा मागं जाऊन बघून आलो. रात्री शटर ओढताना आतून 'टण्' असा आवाज आला. वेल्डच्या शेजारून, त्याला समांतर, नवा तडा गेला होता. जुन्यापेक्षा लांब. दुसऱ्या दिवशी वडिलांनी त्यावरून नख फिरवलं आणि पोऱ्याला चहा सांगितला. मला काहीच बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

बिडात कार्बन दोन ते चार टक्के असतो. त्यामुळे ते ओतायला सोपं, पण ताण आला की वाकत नाही, सरळ तडकतं. वेल्डची जागा तापून निवताना आकसते, आजूबाजूचं थंड बीड तिला आकसू देत नाही, मग कुठेतरी तुटतंच. वडिलांनी पुढं ज्या रीतीनं शिकवलं तसंच आम्ही आजही करतो. तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडायची म्हणजे तो पुढं पळत नाही. मग खाच घ्यायची, सगळा पाटा सावकाश तापवायचा, निकेलचा रॉड इंच-इंच चालवायचा, प्रत्येक टाक्यावर हलक्या हातानं हातोडी मारायची आणि शेवटी पाटा कोरड्या राखेत पुरून रात्रभर विसरून जायचा. घाई असलेल्या गिऱ्हाइकाला आम्ही हे काम देत नाही.

दुसरी चूक जाळीची. खालची जाळी जळून वाकलेली असतेच, तीच सगळ्यात आधी जाते. मी जुनी जाळी नमुना म्हणून जळगावच्या एका ओतकामवाल्याकडे पाठवली. आली ती आखूड. ओतलेलं बीड निवताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणजे दीड फुटाच्या जाळीत चार-पाच मिलिमीटर गेले. कोळसा भरला आणि जाळी एका बाजूनं राखेत उतरली. तेव्हापासून लाकडी नमुना आम्ही स्वतः करतो, वाढीव मापानं.

हळूहळू शेगड्या येऊ लागल्या. भुसावळात आणि आजूबाजूला रेल्वेच्या जुन्या सामानाची कमी नव्हती. आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच, विकायची की ठेवायची. तो सगळ्यात नेमका विचारला धुळ्याकडच्या एका निवृत्त बाईंनी. शाळेत शिकवायच्या, आमच्याशी मात्र अहिराणीतच. टेम्पोतून उतरल्या उतरल्या म्हणाल्या, "भाऊ, हाई शेगडी इकू का ठेवू? तुले काय वाटस?"

गंज बघून लोक घाबरतात. गंजाला मी मोजत नाही, तो तारेच्या ब्रशनं जातो. मी आधी छोट्या हातोडीनं टकटक करतो. अखंड बीड घुमतं, तडकलेलं फुटक्या माठासारखं बोलतं. संशय आला तर रॉकेल लावून पुसायचं आणि वर खडू घासायचा. तड्यात मुरलेलं रॉकेल परत वर येतं आणि पांढऱ्यावर काळसर रेघ उमटते. मग अंधारात आत टॉर्च लावून बाहेरून बघायचं, उजेड कुठून फुटतो ते.

बाईंच्या शेगडीत उजेड मागून फुटला. कोळशाच्या खणातल्या अग्निविटा कधीच ढासळलेल्या, त्यामुळे आच थेट बिडाला लागून मागची भिंत पत्र्याइतकी पातळ झालेली. असं जळलेलं बीड वेल्ड धरत नाही, फेसाळतं. तो भाग नवा ओतायचा म्हणजे नमुना, ओतकाम, जोडणी, विटा धरून चौदा हजार. भंगारात वजनावर दोन हजार आले असते. पण दारावर ओतलेली अक्षरं होती, जी. आय. पी. आर. म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे. ती १९५१ मध्ये मध्य रेल्वेत गेली, म्हणजे शेगडी त्याआधीची. सासऱ्यांनी रेल्वेच्या लिलावात घेतली होती, एवढं बाईंना ठाऊक होतं.

मी विचारलं, "बाई, पेटवणार कुठं?" त्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहत होत्या. तिथं मी हात जोडतो. धुराडं नसलेल्या बंद घरात कोळसा जळला की जो विषारी वायू होतो त्याला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. शिवाय आपल्या खान्देशात ऊब कोणाला पाहिजे आहे? भरीत करायला तुरीच्या काड्या आहेत, दगडी कोळशाच्या धुरावर भाजलेलं वांगं मी तरी खाणार नाही. घरामागं उघडी जागा असेल, धुराडं बाहेर काढता येत असेल आणि खण शाबूत असेल, तरच दुरुस्तीला पैसे घाला, हे मी गिऱ्हाईक हातचं जाईल हे माहीत असूनही सांगतो. एका हॉटेलवाल्यानं न ऐकता काउंटरशेजारी पेटवलीच होती. तो पुढच्या आठवड्यात धुरानं काळं झालेलं छत दाखवायला मलाच बोलावत होता.

बाईंना म्हटलं, विकायची तर अशीच विका. रंग नको, पॉलिशवाल्या मशीनवर अक्षरं घासायला तर मुळीच देऊ नका. शोभेला घेणारा माणूस त्या अक्षरांचेच पैसे देतो. बाई बराच वेळ झाकण उचलून ठेवत बसल्या. मग म्हणाल्या, "इकी टाक." महामार्गावरच्या एका ढाबेवाल्यानं साडेनऊ हजाराला घेतली, पेटवणार नाही या बोलीवर.

टेम्पोत चढवताना बाईंनी झाकणं उचलायचा आकडा पिशवीत टाकला. सासूबाईंच्या हातातला होता म्हणाल्या. दोन दिवसांनी ढाबेवाल्याचा फोन, झाकणं निघत नाहीत. ८ मिलिमीटरची सळई तापवून त्याला नवा आकडा वळून दिला. पैसे घेतले नाहीत.