‘मला ही मोठी दिसेल का?’ : नथीचा फिल्टर करतानाचा माझा अनुभव

आमच्याकडे नथ घ्यायला आलेल्या बाईचा पहिला प्रश्न किमतीचा नसतो. दाबाची आहे की तारेची, एवढं विचारून झालं की लगेच येतो तो, ‘मला ही मोठी दिसेल का?’ दादरच्या प्रदर्शनात याचं उत्तर आम्हाला द्यावंच लागत नाही. टेबलावर आरसा असतो. स्पिरिटने पुसलेली नथ हातात दिली की बाई ती नाकाला लावते, मान इकडे-तिकडे करून बघते, बरोबरची मैत्रीण ‘जरा छोटी बघ गं’ म्हणते आणि ठरून जातं. व्हॉट्सॲपवर तोच प्रश्न आला की आम्ही मखमलीवर ठेवलेल्या नथीचा फोटो पाठवायचो. मखमलीवर सगळ्याच नथी भरदार दिसतात. शिवाय नाकाला लावलेली वस्तू आम्ही परत घेत नाही. मग बाई विचारात पडते, आणि बोलणं तिथेच खुंटतं.

मी आणि माझी थोरली जाऊ, म्हणजे माझ्या वहिनी, परळला घरातूनच पारंपरिक दागिने करतो. नथ, ठुशी, बुगडी, तन्मणी. ओवण्याचं काम वहिनींचं. फोटो, जाहिरात, ऑर्डर माझ्याकडे. लेन्सकार्टच्या ॲपमध्ये चष्मा स्वतःच्या चेहऱ्यावर लावून बघता येतो, ते माझ्या भाचीने वहिनींना दाखवलं आणि वहिनी म्हणाल्या, “अगं, मग नथ का नाही?” तिथून आमचं एआरचं (ऑगमेंटेड रिॲलिटी), म्हणजे कॅमेऱ्यातल्या चेहऱ्यावर दागिना दाखवणाऱ्या फिल्टरचं काम सुरू झालं. मोठ्या कंपन्यांनी ही वाट कधीच धरली आहे. लॉरेआलने २०१८ मध्ये चेहऱ्यावर मेकअप दाखवणारी मोडीफेस ही अख्खी कंपनीच विकत घेतली. पण घरगुती धंद्याने हे कसं करायचं, ते मराठीत सांगणारं कुणी मला भेटलं नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

पहिला प्रश्न होता, फिल्टर ठेवायचा कुठे. आमच्या बहुतेक ग्राहक इन्स्टाग्रामवर, त्यामुळे साहजिकच तिथे बघितलं. पण इन्स्टाग्राम चालवणाऱ्या मेटाने १४ जानेवारी २०२५ पासून बाहेरच्या लोकांनी आणि ब्रँडनी बनवलेले इफेक्ट बंद केले आहेत. त्याआधी स्पार्क नावाच्या त्यांच्या साधनात कुणालाही फुकट फिल्टर बनवून चढवता यायचा. यूट्यूबवर शिकवणीचे अजूनही ढिगाने व्हिडिओ आहेत, ते बघून कामाला लागू नका. टिकटॉक आपल्याकडे २०२० पासून बंदच. उरलं स्नॅपचॅट, ज्याचं फिल्टर बनवायचं साधन लेन्स स्टुडिओ फुकट आहे (फिल्टरला तिथे लेन्स म्हणतात), आणि दुसरा मार्ग म्हणजे साधं वेबपान. लिंक दाबली की ब्राउझर कॅमेऱ्याची परवानगी मागतो आणि दागिना चेहऱ्यावर दिसतो, वेगळं ॲप लागत नाही.

आमच्या ग्राहक साधारण तिशी ते पंचावन्नच्या. त्या स्नॅपचॅटवर नाहीत, त्यांच्या मुली आहेत. म्हणून मी दोन्ही करायचं ठरवलं. पाडव्याच्या सुमारास मुलींनी फोटो काढावेत, एकमेकींना पाठवावेत, नाव पसरावं यासाठी स्नॅपचॅटची लेन्स. आणि खरोखर खरेदी करणाऱ्या बाईसाठी व्हॉट्सॲपवरून पाठवायची लिंक. धंदा या दुसऱ्या वाटेनेच झाला, तेव्हा पैसे मोजके असतील तर लिंकवर घाला, असंच मी सांगेन.

आता नथीचं त्रिमितीय मॉडेल. मला वाटलं होतं, चारही बाजूंनी फोटो काढले की कॉम्प्युटर ते जुळवून आकार तयार करेल. मूर्ती, चपला, पिशव्या यांचं तसं होतं. पण चकचकीत धातू आणि मोती यांच्यावरचा उजेड प्रत्येक कोनातून बदलतो, त्यामुळे दोन फोटोंमधला सारखा बिंदू सॉफ्टवेअरला सापडत नाही. अशा वस्तूवर चमक घालवणारी पावडर फवारतात, पण ओवलेल्या मोत्यांवर ती फवारू द्यायला वहिनींनी साफ नकार दिला, आणि ते योग्यच होतं. शेवटी ॲनिमेशन शिकलेल्या एका मुलाने ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये हाताने मॉडेल केलं. झवेरी बाजारातून व्हर्निअर कॅलिपर आणला. वहिनी एकेका मोत्याचं माप सांगत होत्या, तो लिहून घेत होता. वरचे मोती बारीक, खाली येताना मोठे, मधला खडा किंचित पुढे आलेला, मागची तार कुठून वळते, हे सगळं वहिनींच्या बोटांना पाठ होतं. हे काम नुसते फोटो पाठवून परगावच्या कुणाकडून करून घेतलं असतं, तर ‘भारतीय नोज रिंग’ या नावाची कुठलीतरी गोल नथनी हाती आली असती.

त्या मुलाच्या पहिल्या नमुन्यात प्रत्येक मोती अगदी गुळगुळीत गोळा होता. स्क्रीनवर सुंदर, पण फाइल एवढी जड की साध्या अँड्रॉइड फोनवर चित्र अडखळायचं. स्नॅपचॅटच्या लेन्सला ८ एमबीची मर्यादा असते. वेबला तशी मर्यादा नसली तरी लोकलमध्ये उभं राहून लिंक उघडणारी बाई किती थांबणार? मॉडेलमधला गोल मोती असंख्य बारीक सपाट पैलूंनी बनतो, मग ते पैलू कमी केले. लांबून बघताना डोळ्याला तो फरक कळतही नाही. सोन्याचं उलटं झालं. सोन्याला स्वतःचा रंग थोडा आणि आजूबाजूचं प्रतिबिंब जास्त. मॉडेलला प्रतिबिंबासाठी खोलीचं, खिडकीचं चित्र दिलं नाही तर सोनं हळदीच्या रंगाचं प्लास्टिक दिसतं. पॉलिशची छटा जुळेपर्यंत वहिनी खरी नथ स्क्रीनशेजारी धरून बसायच्या.

चेहरा ओळखायचं काम तयार मिळतं. गूगलचं मीडियापाइप चेहऱ्यावर ४६८ बिंदू धरतं, त्यात नाकपुडीची कडही येते. पण नथ नाकपुडीवर चिकटवली की काम झालं, असं नाही. आपली नथ डाव्या नाकपुडीत. समोरचा कॅमेरा आरशासारखं उलटं चित्र दाखवतो; तेच चित्र तसंच फोटो म्हणून जतन झालं तर बघणाऱ्याला नथ उजव्या नाकात दिसते. मुलीने असा फोटो आजीला पाठवला तर आजीचा पहिला शेरा नथीवर नाही, बाजूवर येणार. म्हणून बघताना आरसा आणि जतन करताना सुलटा फोटो, अशी सोय करून घेतली. दुसरं, नथ लोंबते. मान कलली तरी ती जमिनीकडेच ओढली जाते, हसलं की नाकपुडी फुगते आणि नथ किंचित बाहेर येते. फिल्टरच्या तयार साच्यात ती चेहऱ्याला खिळल्यासारखी, मानेबरोबर तिरकी व्हायची आणि बिंदीच्या स्टिकरसारखी खोटी वाटायची. तिला वरच्या टोकाशी टांगून झुलती केली, आणि बाईने डावीकडे मान वळवल्यावर ती नाकाआड लपेल अशी व्यवस्था केली, तेव्हा कुठे वहिनी म्हणाल्या, “आता नथ वाटते.”

पण ज्या प्रश्नासाठी हा सगळा खटाटोप, तो अजून तसाच होता. असे बरेच फिल्टर चेहऱ्याच्या प्रमाणात दागिना लहान-मोठा करतात. चेहरा रुंद असला की नथही वाढते. म्हणजे सगळ्यांनाच ती ‘बेताची’ दिसते! छान दिसतं सगळं, पण साडेतीन सेंटिमीटरची पेशवाई नथ लहानशा चेहऱ्यावर ओठांवर येते की नाही, हे बाईला कळायलाच हवं. ते जर घरी पार्सल उघडल्यावर कळणार असेल तर आमच्या फिल्टरने तिची फसवणूक केली, असं मी मानते.

याचा उपाय डोळ्यात सापडला. माणसाच्या बुबुळाच्या रंगीत भागाची आडवी रुंदी साधारण ११.७ मिलिमीटर असते, आणि माणसामाणसात ती जेमतेम अर्ध्या मिलिमीटरने इकडेतिकडे होते. नाक, कपाळ, जबडा सगळं वेगळं, पण हे माप जवळपास सारखं. मीडियापाइपला २०२० मध्ये बुबुळ ओळखण्याची जोड मिळाली, ती याच मापावरून चेहरा कॅमेऱ्यापासून किती लांब आहे ते काढते. आम्ही त्या मुलाला सांगितलं, नथीचं माप चेहऱ्यावरून नको, बुबुळावरून धर. सुरुवातीला त्याचं म्हणणं होतं की काही चेहऱ्यांवर नथ बेढब दिसेल. दिसू दे, म्हटलं. तिला ती बेढब दिसली तर ती लहान घेईल, आमच्याकडे लहानही आहे. एक मात्र पाळावं लागतं, चष्मा काढूनच बघायला सांगायचं. जवळचं दिसून लांबचं न दिसणाऱ्यांच्या काचेमागे डोळा लहान दिसतो, आणि माप चुकतं. खोलीत उजेड मंद असला तरी बुबुळाची कड नीट सापडत नाही, म्हणून ‘खिडकीकडे तोंड करून बघा’ ही ओळ आम्ही बटणाच्या वरच टाकली.

आणखी एक गोष्ट वहिनींच्या लक्षात आली. घेतलेल्या साच्यात चेहरा आपोआप गुळगुळीत आणि उजळ व्हायचा. त्यांनी स्वतःवर नथ बघितली आणि विचारलं, “ही कोण? माझा रंग कुठे गेला?” ते उजळवणं आम्ही मुळापासून काढून टाकलं. सावळ्या चेहऱ्यावर आमची नथ जास्त उठून दिसते, हे वहिनी वर्षानुवर्षं आरशासमोर बघत आल्या आहेत. जिला नथ विकायची तिचाच चेहरा बदलायचा, हे मला धंदा म्हणूनही पटत नाही आणि बाई म्हणून तर नाहीच.

लिंक पाठवायला लागलो तेव्हा अडचण तंत्राची आली नाही, भीतीची आली. ‘कॅमेरा कशाला मागतं?’ ‘माझा फोटो कुठे जाणार?’ हे विचारणाऱ्या बायका अगदी बरोबर विचारतात. आमच्या पानावर चेहरा ओळखण्याचं काम त्यांच्याच फोनमध्ये होतं, चित्र आमच्याकडे येत नाही, साठवलं जात नाही. हे असंच करायचं, हे मी त्या मुलाला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आपल्याकडे २०२३ मध्ये झाला आहे, पण कायदा नसता तरी हेच केलं असतं. आधी ही हमी पानाच्या तळाशी बारीक अक्षरात होती. मी ती साध्या मराठीत, परवानगीच्या चौकटीच्या आधी दिसेल अशी वर आणली. फरक लगेच जाणवला. ज्या ‘नको बाई’ म्हणायच्या, त्यातल्या कितीतरी जणी आधी मुलीला, मग स्वतःला लावून बघायला लागल्या. दुसरी एक व्यवहारातली सूचना, इन्स्टाग्रामवर दिलेली लिंक त्याच्या आतल्याच ब्राउझरमध्ये उघडते आणि काही फोनवर तिथे कॅमेरा सुरू होत नाही. ‘क्रोममध्ये उघडा’ हे चित्रासकट दाखवून द्या.

गुढीपाडव्याला गिरगावच्या शोभायात्रेसाठी नऊवारी, फेटा, नथ अशी तयारी करणाऱ्या मुलींनी लेन्स उचलून धरली. पण माझं मन भरलं ते लगीनसराईत. नवरी तीन-चार नथी लावून फोटो काढते, घरच्या ग्रुपवर टाकते, मावशी-आत्या-होणारी सासू आपापलं मत देतात आणि मग ‘दुसऱ्या फोटोतली’ अशी ऑर्डर येते. प्रदर्शनातल्या आरशाशेजारची मैत्रीण परत मिळाली म्हणायची! आता ‘मोठी दिसेल का’ असं कमी विचारतात. ‘बानू नथ याच मापात मिळेल का’, ‘मधला खडा हिरवा कराल का’ असं विचारतात, म्हणजे बाई घ्यायची ठरवूनच येते. मोठ्या नथींपेक्षा मधल्या मापाच्या जास्त जाऊ लागल्या, हे पाहून वहिनींनी ओवण्याचा क्रमही बदलला.

सगळेच दागिने मात्र यात बसत नाहीत. बुगडी कानाच्या वरच्या पाळीवर असते, आणि त्या ४६८ बिंदूंत कान नाहीतच. कानाची जागा अंदाजाने काढावी लागते. खाली लोंबणारा झुमका त्या अंदाजावर चालून जातो, बुगडी नाही. त्यात केस कानावर आले की संपलंच. ठुशी गळ्याला घट्ट बसते, तोच तिचा डौल. आमच्या फिल्टरमध्ये ती मानेपासून सुटून तरंगायची, म्हणून काढून टाकली आणि तिच्यासाठी गळ्यात घातलेले, वेगवेगळ्या अंगलटीच्या बायकांचे साधे फोटो ठेवले.

हल्ली पाटल्या-बिलवरांसाठी विचारणा होते. हाताचे २१ बिंदू ओळखता येतात, मनगटावर बांगडी दाखवणं जमेलही. पण बांगडीत दिसणं नंतर, आधी ती हातातून आत जायला हवी. ‘दोन-चार’ मापाची बांगडी म्हणजे आतून सव्वादोन इंच, ‘दोन-सहा’ म्हणजे त्याहून इंचाचा आठवा भाग जास्त. एवढ्याशा फरकावर बांगडी अंगठ्याच्या हाडाशी अडते किंवा सहज सरकते, आणि ते कॅमेऱ्याला दिसत नाही. त्यामुळे बांगड्यांसाठी आम्ही फिल्टर करणार नाही. आपली नेहमीची बांगडी पट्टीवर ठेवून आतल्या व्यासाचा फोटो पाठवा, असा संदेश वहिनींनी त्यांच्या आवाजात रेकॉर्ड केला आहे, तो आम्ही सगळ्यांना पाठवतो.