खिशातला चाकू इंग्लंडला नेताना: माझा अनुभव

२०१९ साली विमानतळावरच्या तपासणीत आमच्या वडिलांचा चाकू गेला. शिंगाची मूठ, घडीचं पातं, द्राक्षाची कलमं भरून भरून ते मधोमध झिजलेलं. बेंगळुरूला एका शिबिराला निघालो होतो आणि चाकू खांद्याच्या पिशवीच्या आतल्या कप्प्यात तसाच राहिला. यंत्रात दिसला. तिथला जवान नीट बोलला. म्हणाला, ‘काका, माघारी जाऊन सामानात टाका, नाहीतर पोचवायला कुणी आलं असेल त्याच्याकडे द्या, नाहीतर इथं सोडावा लागेल.’ काउंटर बंद झालेलं आणि भाऊ गाडी घेऊन केव्हाच परतीला लागलेला. सोडला. विमानात बसल्यावर हात सारखा खिशाकडे जात होता.

आमच्या तासगाव भागात बागायतदाराच्या खिशात चाकू असतोच. डॉगरिज जातीच्या द्राक्षखुंटावर कलम भरायचं, सुतळी तोडायची, ठिबकची नळी कापायची, बांधावर पेरू चिरायचा, सगळं त्यावरच. त्यामुळं लेकीनं इंग्लंडला बोलावलं तेव्हा मी ठरवलं, चाकू न्यायचाच, पण या वेळी सगळं नीट विचारून.

पहिली गोष्ट विमानाची. आपल्याकडून निघताना केबिनमध्ये हातात धरायच्या सामानात चाकू चालत नाही, मग तो किल्लीच्या साखळीतला इवलासा का असेना. काउंटरवर जमा होणाऱ्या मोठ्या बॅगेत चालतो. मी विमान कंपनीला ईमेल करून विचारलं आणि आलेल्या उत्तराची प्रिंट पासपोर्टच्या पाकिटात ठेवली. एवढी खबरदारी प्रत्येकाला लागेल असं नाही, पण एकदा गमावलेल्या माणसाला लागते.

खरी भानगड पुढची होती. चाकू विमानातून उतरला म्हणजे खिशात घालून फिरता येतो असं नाही. आपल्याकडे शस्त्र नियमांत मोजमाप आहे ते ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचं, आणि घरकामाची, शेतीची हत्यारं त्यातून वगळली आहेत. विश्रामबागेतल्या एका वकील स्नेह्यांनी मला हे समजावलं. म्हणजे आमचे चाकू, विळे, कोयते यांची इथं कुणाला फिकीर नाही. तीच सवय डोक्यात घेऊन मी लेकीला फोन केला.

‘आप्पा, तुमचा आत्ताचा चाकू खटक्याचा आहे ना? पातं उघडलं की अडकून बसतं?’

‘हो. त्याशिवाय जोर देता येत नाही. बोटावर मिटलं तर बोट जाईल.’

‘मग तो नका आणू. इथं खिशात घालून बाहेर पडता येणार नाही.’

मला पटेना. माझ्या चाकूचं पातं जेमतेम पावणेतीन इंच. तिनं नियम वाचून दाखवला तेव्हा कळलं. ब्रिटनच्या १९८८ च्या फौजदारी न्याय कायद्यात घडीच्या खिशातल्या चाकूला सूट आहे, पण धारेची लांबी ३ इंचांच्या आत हवी. आणि घडीचा म्हणजे हातानं सरळ मिटणारा. उघडल्यावर कुलूप बसणारा चाकू तिथल्या न्यायालयानं नव्वदच्या दशकात घडीच्या व्याख्येतून बाहेर काढला. पातं इंचभर असलं तरी खटका असेल तर सूट नाही. मग तो कशासाठी बाळगला याचं सबळ कारण तुम्ही द्यायचं. कामावर निघालेल्या सुताराला ते देता येतं, बागेत हिंडणाऱ्या पाहुण्याला कसं येणार? शिक्षा चार वर्षांपर्यंतची.

जावईबापूंनी फोन घेऊन आणखी एक सांगितलं आणि ते मी वहीत लिहून घेतलं. कुणी विचारलं तर चुकूनसुद्धा ‘संरक्षणासाठी’ म्हणायचं नाही. आपल्याकडे हे उत्तर सहज तोंडात येतं. तिथं त्या एका शब्दानं सूट असलेला छोटा चाकूही शस्त्र ठरू शकतो. बटणाचा झटक्यात उघडणारा चाकू तर तिथं घरात ठेवायलाही बंदी.

खटक्याचा चाकू मी कपाटात ठेवला आणि पुण्याहून व्हिक्टोरिनॉक्सचा ९१ मिलीमीटरचा मागवला. हे ९१ म्हणजे मिटलेल्या चाकूची लांबी, पातं त्याहून आखूड. धार पट्टीनं मोजली, ३ इंचांच्या चांगली आत बसली. पात्याला कुलूप नाही, फक्त स्प्रिंगचा ताण. त्याच कंपनीचे १११ मिलीमीटरचे बरेचसे चाकू कुलूपवाले असतात, म्हणून नाव बघून नव्हे, उघडून मिटून बघून घ्यावा. कलमाच्या चाकूची धार पात्याच्या एकाच अंगानं घासून काढलेली असते, याची दोन्ही अंगांनी. हाताला ते नवीन होतं, म्हणून निघायच्या आधी महिनाभर तोच वापरून हात बसवला.

निघायच्या आदल्या रात्री पातं साबणानं धुतलं, स्पिरिटनं पुसलं. शेतातली माती किंवा चीक दुसऱ्या देशात न्यायचा नाही, हे बागायतदारानं तरी पाळलंच पाहिजे. बेदाण्याच्या खोक्याचा जाड पुठ्ठा कापून चाकूभोवती गुंडाळला, वर चिकटपट्टी मारली. बॅग उघडून तपासणाऱ्याच्या बोटाला लागू नये म्हणून. धोतराच्या घडीत मधोमध ठेवला. मग खांद्याची पिशवी उलटी करून झटकली, प्रत्येक कप्प्यात बोटं घालून पाहिलं. ही दारात उभी राहून सगळं बघत होती. म्हणाली, ‘मामंजींचाच चाकू शोधताय असं वाटतंय.’ मी काही बोललो नाही.

मुंबईला काउंटरवरच्या मुलीला मी आपण होऊन सांगितलं की बॅगेत घडीचा चाकू आहे. तिनं मान हलवली आणि पॉवर बँक तर नाही ना आत, एवढंच विचारलं. लंडनला बॅग जशीच्या तशी मिळाली.

तिथं मी चाकू रोज खिशात ठेवला नाही. लंडनमध्ये संग्रहालय बघायला जायचं असेल, जिथं दारात पिशव्या तपासतात, तिथं तो घरीच. मध्ये पाच दिवस जर्मनीला पुतण्याकडे जाऊन आलो. नुसतं केबिनचं सामान होतं, म्हणून चाकू लेकीच्या स्वयंपाकघरातल्या खणात ठेवला. ते बरंच झालं. पुतण्या म्हणाला, एका हातानं उघडून अडकणारा चाकू जर्मनीत सबळ कारणाशिवाय बाळगता येत नाही आणि २०२४ च्या शेवटी नियम आणखी कडक करून लांबच्या गाड्यांतही चाकूला बंदी घातली आहे. देश बदलला की नियम बदलतो. एका देशाची माहिती दुसऱ्या देशात वापरायची नाही.

लेकीच्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ राहतात. पालिकेकडून भाड्यानं घेतलेल्या वाफ्यात त्यांचे गुलाब आहेत. त्यांच्या आवडत्या पिवळ्या गुलाबाचं खोड सडत आलं होतं. जुलै महिना, डोळा भरायला, म्हणजे काडीवरचा कोंब दुसऱ्या झाडाच्या सालीत बसवायला, वेळ योग्य. वाफ्याच्या कडेला रानगुलाब वाढला होता, त्याच्या बुडाशी माती बाजूला सारून सालीवर इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखा काप घेतला. पिवळ्याच्या काडीवरून ढालीसारखा डोळा उचलला, टोकानं साल हळूच उचलून आत सरकवला आणि पट्टीनं बांधला. म्हातारबाबा गुडघ्यावर बसून श्वास धरून बघत होते. मग त्यांनी खिशातून स्वतःचा चाकू काढून दाखवला. लाकडी मूठ, घडीचा, बिनखटक्याचा, पातं झिजून निम्मं झालेलं. ‘माझ्या वडिलांचा,’ म्हणाले. मी तो बराच वेळ हातात धरून ठेवला.

परत येताना तोच पुठ्ठा, तीच धोतराची घडी. सप्टेंबरात आमच्याकडे कलमं भरायचं काम चालू असताना लेकीचा फोटो आला. म्हातारबाबांनी पट्टी सोडली होती आणि डोळा हिरवा होता. तिकडच्या थंडीत तो तसाच निजून राहील, फुटवा पुढच्या वसंतात.