सोमल, मेणबत्ती आणि थोडेसे प्रेम

रहस्यकथेच्या कडव्या भक्तांना ऐतिहासिक खूनकथा जरा संथ वाटते आणि इतिहासाच्या गंभीर वाचकांना ती सरळसरळ उथळ वाटते. त्यात लेखकाने एखादे हळुवार प्रेमप्रकरणही गुंफले की दोन्ही पक्ष नाके मुरडायला मोकळे होतात. मला मात्र हा तिहेरी प्रकार मनापासून आवडतो. एक सरून गेलेला काळ, एक प्रेत आणि एकमेकांकडे पाहण्याचे कटाक्षाने टाळणारी दोन माणसे एवढा ऐवज पहिल्या पन्नास पानांत हाती लागला की पुढचे सगळे बेत रद्द करायला मी तयार असतो. या तिघांतले प्रेम केवळ तोंडी लावण्यापुरते असते, असे अनेकांना वाटते. माझे मत नेमके उलट आहे. कादंबरी चांगली असेल तर तपास पुढे सरकतो तो त्या प्रेमामुळेच.

याचे मूळ जुन्या काळातील तपासाच्या अडचणींत आहे. आजच्या कथेत प्रेताशेजारी पडलेला पेला प्रयोगशाळेत जातो आणि पुढच्या प्रकरणात विषाचे नाव घेऊन परत येतो. पण कथा १८०० सालची असेल, तर सोमल घातलेले पेय पिऊन मेलेला श्रीमंत म्हातारा पटकीने गेला की कोणी त्याला घालवला, हे ठामपणे सांगणे जवळजवळ अशक्य होते. उलट्या, जुलाब, पोटातील पीळ ही लक्षणे सारखीच, आणि सोमल तर उंदीर मारण्यासाठी घरोघरी ठेवलेला असे. फ्रान्समध्ये या विषाला ‘वारशाची पूड’ असे बोचरे नाव पडले होते. इंग्लंडमध्ये जेम्स मार्श या रसायनशास्त्रज्ञाने एका खटल्यात कॉफीतील सोमल शोधून काढला होता. परंतु न्यायालयात दाखवेपर्यंत नमुना खराब झाला आणि आरोपी सुटला. त्या चडफडीतून त्याने भरवशाची चाचणी तयार केली आणि १८३६ साली ती प्रसिद्ध केली. बोटांच्या ठशांची गोष्ट याहूनही अलीकडची आहे. कोलकात्यात ठशांचे कार्यालय १८९७ मध्ये सुरू झाले, तर सांडलेले रक्त माणसाचे की जनावराचे हे सांगणारी चाचणी १९०१ मधली. त्याआधी अंगरख्यावरचा डाग बकऱ्याच्या रक्ताचा आहे, असे एखाद्या खाटकाने शपथेवर सांगितले, तर त्याला खोटे पाडणार कोण आणि कशाच्या बळावर?

मग शोध घेणाऱ्याकडे उरते काय? उरतात ती फक्त माणसे. चीनमधील सोंग त्सी या अधिकाऱ्याने १२४७ साली प्रेततपासणीवर लिहिलेल्या ग्रंथात एका खुनाची हकीकत आहे. जखमा विळ्याच्या दिसत होत्या, म्हणून तपास अधिकाऱ्याने आसपासच्या सगळ्यांना आपापले विळे आणून जमिनीवर मांडायला लावले. उन्हाळ्याचे दिवस होते. सगळी पाती धुतलेली, चकचकीत. परंतु माश्या येऊन बसल्या त्या एकाच विळ्यावर. ही हकीकत नेहमी माश्यांसाठी सांगितली जाते. मला मात्र तिच्यातला आधीचा, फारसा न सांगितला जाणारा भाग अधिक मोलाचा वाटतो: विळे मागवण्यापूर्वी त्या अधिकाऱ्याने मृताच्या पत्नीला एकांतात बोलावून, नवऱ्याचे कोणाशी वाकडे होते का, हे विचारून घेतले होते. माश्यांनी विळा दाखवला खरा, पण कोणाच्या चेहऱ्याकडे लक्ष ठेवायचे हे त्याला आधीच ठाऊक होते.

आणि इथेच प्रेमाला वाव मिळतो. जुन्या समाजात कोणी कोठे पाऊल टाकावे याचे कडक नियम असत. वाड्याच्या आतल्या खोल्यांत परका पुरुष जाऊ शकत नसे. दप्तरात, छावणीत, दारूच्या गुत्त्यात बाईमाणसाला प्रवेश नसे. म्हणजे अर्धे साक्षीदार नायकाच्या आवाक्याबाहेर आणि उरलेले अर्धे नायिकेच्या. अशा घरात खून झाला तर एकट्याने छडा लावणे कठीणच, म्हणून त्याला तिच्याकडून माजघरातील कुजबुज हवी असते आणि तिला त्याच्याकडून दप्तरातील कागद. माहितीची ही देवाणघेवाण उघडपणे करता येत नाही, त्यामुळे निमित्ते शोधावी लागतात, चिठ्ठ्या लपवाव्या लागतात, जिन्याच्या वळणावर दोन मिनिटे चोरावी लागतात. यात चिठ्ठी संपते कोठे आणि प्रेमपत्र सुरू होते कोठे, हे वाचकाला त्या दोघांच्या आधी कळते. माझ्या लेखी या प्रकारच्या कादंबरीतील सर्वांत मोठे सुख हेच आहे.

रहस्यकथेत प्रेमाला थारा देऊ नये, असा नियम अमेरिकी रहस्यकथाकार एस. एस. व्हॅन डाइन यांनी १९२८ साली आपल्या वीस नियमांत घालून दिला होता. गुन्हेगाराला न्यायापुढे उभे करायचे आहे, प्रेमिकांना बोहल्यावर नव्हे, असा त्यांचा युक्तिवाद. प्रेम आले की बुद्धीच्या खेळात भावनांचा गोंधळ माजतो, हे खरेच आहे, पण मला तो गोंधळच हवा असतो. एलिस पीटर्स यांच्या १९८० सालच्या ‘मंक्स हूड’ या कादंबरीत बाराव्या शतकातील मठात राहणारा, वनौषधी जाणणारा कॅडफेल एका विषबाधेच्या ठिकाणी धावत जातो. विष निघते त्याच्याच हातच्या, सांधेदुखीवर चोळायच्या तेलातील वचनागाचे, आणि मृताची पत्नी निघते ती तारुण्यात त्याला वाग्दत्त असलेली स्त्री. संशय तिच्या मुलावर. आता कॅडफेलने तटस्थ राहायचे म्हणजे कसे? आणि आपण तरी कसे राहायचे? तो मुलगा निर्दोष असावा असे वाटू लागले, की समोर आलेल्या प्रत्येक पुराव्याशी आपण मनातल्या मनात हुज्जत घालू लागतो. कोरड्या कोड्यात हे होत नाही. तिथे खुनी कोणीही निघाला तरी आपले काही बिघडत नाही.

अर्थात सगळेच लेखक ही कसरत पेलतात असे नाही. १७८० च्या सुमारास घडणाऱ्या कथेत नायकाने खिशातून काडेपेटी काढली की माझा विरस होतो, कारण घासून पेटणारी काडी बाजारात आली ती १८२७ च्या आसपास. त्याहून मोठा विरस होतो तो नायिका पहिल्याच भेटीत आपल्या हक्कांवर आजच्या भाषेत भाषण देऊ लागली की. बंधने नसतील तर त्या जिन्यावरच्या दोन मिनिटांना किंमत उरत नाही. उलट, चांगल्या कादंबरीत ती त्याच्याशी शिष्टाचारापुरते चार शब्द बोलते आणि जाता जाता एवढेच सुचवते की मालकांच्या उशाशी नवी मेणबत्ती संध्याकाळीच लावली होती आणि सकाळी ती बोटभरही जळलेली नव्हती. मग रात्री उशिरापर्यंत ते वाचत बसले होते असे पुतण्या कशाच्या आधारावर सांगतो? अशा एका वाक्यात तिचे कामावरचे लक्ष, तिची हुशारी आणि त्याच्यावरचा तिचा विश्वास हे सगळे येते, आणि पुतण्याच्या जबानीलाही तडा जातो.

अशा कादंबऱ्या मी पुन्हा वाचतो. नुसती रहस्यकथा खुनी कळल्यावर बहुधा कपाटात जाते. हिच्यात मात्र दुसऱ्या वाचनाला वेगळीच गंमत येते, कारण पहिल्या वेळी प्रेमाचा प्रसंग म्हणून आपण जी पाने काहीशा लाडाने वाचलेली असतात, त्यांतच लेखकाने महत्त्वाचा धागा उघड्यावर ठेवलेला सापडतो. नायिकेच्या हाताचा कंप आपल्याला आठवत असतो. त्या हाताला लागलेली शाई ओली होती, हे मात्र आपण साफ विसरलेले असतो.